कॅसी हॅनरॅटीचे खांदेकरी

विल्बर्टने तोंडावरचा मास्क खाली ओढला, कडेला थुंकला आणि म्हणाला, “सहा टाक्या आहेत. त्यातली एक आडवी झालीये.”

मॅलकी हॅनरॅटी एका पायावर उभा राहून दुसरा पाय रबरी पोशाखात घालत होता. तो तसाच थांबला. सहा टाक्यांचं त्याला काही विशेष वाटलं नव्हतं. कौन्सिलच्या सफाई खात्यात बावीस वर्षं काढल्यावर असल्या टाक्यांचं नवल उरत नाही. पण आडवी म्हटल्यावर त्याने मान वळवून पाणंदीच्या उताराकडे पाहिलं. उतार ओनी लॉयच्या कुरणात जात होता, आणि कुरणाच्या खालच्या अंगाला मॅलकीच्या आईच्या घराचं छप्पर दिसत होतं.

लोखंडी पिंजऱ्यात बसवलेली पांढरी प्लॅस्टिकची टाकी, आणि एकेकीत हजार लिटर मळी. ट्रॅक्टरच्या डिझेलवर कर कमी असतो, म्हणून इथलं ब्रिटिश सरकार त्यात लाल रंग घालतं. सीमेपलीकडचं आयर्लंडचं सरकार हिरवा. ते रंगीत डिझेल आणायचं, कुणाच्या तरी गोठ्यामागे ॲसिड घालून त्याचा रंग धुऊन काढायचा आणि पंपावर चढ्या भावाने विकायचं, असा हा धंदा. रंग धुतला की तळाशी काळं, चिकट, घशाला झोंबणारं काहीतरी उरतं. ते घरात कोण ठेवणार? मग अंधारात कुणाच्या तरी पाणंदीत सोडून द्यायचं. सकाळी कौन्सिलची माणसं येतात, उचलतात, आणि खर्च बसतो गावाच्या बोडक्यावर. वर तोंड करून हे लोक ह्याला लढ्याचा निधी म्हणणार. बंदुका घ्यायला पैसा लागतो ना! आणि बंदुका घेऊन उरलेल्या पैशात स्पेनमध्ये बंगला होत असेल तर तोही बहुधा आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठीच.

“तुमच्या लोकांनी आज भरपेट वाढलंय,” विल्बर्ट म्हणाला. मॅलकी कॅथलिक, विल्बर्ट ग्रेसी प्रॉटेस्टंट. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राणीच्या नावाने ढोल बडवले जात होते. पण सोळा वर्षं मॅलकीच्या शेजारी एकाच लॉरीत बसल्यामुळे त्याला असं बोलायची मुभा होती. एरवी मॅलकीही सोडायचा नाही. तुमचे झेंडेवाले बांधकामवाल्यांकडून राखणीचे पैसे घेतात ते कुठल्या देवाला वाहतात, असं विचारायचा. त्यावर विल्बर्ट म्हणायचा, आमच्या देवाला दारूच चालते. आज मात्र मॅलकी तडक चराच्या कडेकडेने खाली निघाला.

चरातलं पाणी काळं पडलं होतं. कडेचं गवत करपून पिवळं झालं होतं. मार्च महिना, बेडकांनी अंडी घालायचे दिवस. त्या अंड्यांचे पुंजके पांढरे होऊन कडेला लागले होते. ओनीच्या कुरणात दोन गायी पडल्या होत्या, एकीचे पाय अजून झटके देत होते. आणि खाली, काटेरी झुडपाच्या बुडाशी, जिथून मॅलकीच्या आईने, कॅसी हॅनरॅटीने, साठ वर्षं पाणी भरलं होतं त्या झऱ्यावर तेलाची रंगीत वर्तुळं फिरत होती. मॅलकी वाकला आणि त्याला ओकारीच आली.

ओनी लॉय कुरणाच्या फाटकाशी उभा होता. ऐंशीच्या घरातला, एकटा, बायको जाऊन बारा वर्षं झालेली. मॅलकीने त्याला सांगितलं की तू तक्रार दे, गायींची भरपाई मिळेल, मी साक्षीला आहे. ओनीने मेलेल्या गायींकडे पाहिलं, मग वर पाणंदीत उभ्या टाक्यांकडे पाहिलं. प्रत्येक पिंजऱ्याच्या एका कोपऱ्याला पिवळ्या रंगाचा फटकारा होता. असा रंग कुणाच्या आवारातल्या टाक्यांना असतो, हे लिसनगोर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“गुरं काय, मरतातच,” ओनी म्हणाला आणि घरात निघून गेला.

मॅलकीला त्याचा राग आला, पण कुठल्या तोंडाने रागावणार? लॉरीत बसून त्याने नेहमीचा फॉर्म भरला, आणि ‘टाकणारी व्यक्ती’ ह्या रकान्यात नेहमीप्रमाणे ‘अज्ञात’ असं लिहिलं.

ती अज्ञात व्यक्ती दर रविवारी प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसायची. जारलाथ डीगन. दारूला शिवत नसे, मोठ्याने बोलत नसे, नखं सदा स्वच्छ. गावच्या फुटबॉल संघाच्या शर्टावर त्याच्या पंपाचं नाव होतं. तरुणपणी तो आणि मॅलकीचा धाकटा भाऊ फिंटन ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या एकाच सशस्त्र तुकडीत होते. फिंटन एकोणीसशे त्र्याऐंशीत बावीस वर्षांचा असताना चौकात ब्रिटिश सैनिकांच्या गोळीने गेला, आणि त्याच्या शवपेटीला पहिला खांदा दिला जारलाथने. पुढे तह झाला, बहुतेकांनी हत्यारं टाकली, घरी गेले, पोटं सुटली. जारलाथ आणि आणखी मूठभर म्हणाले की लढा संपलेला नाही. तो न संपण्यातच त्यांचं चांगलं चाललं होतं म्हणा. दर ईस्टरला स्मशानात हुतात्म्यांची नावं वाचली जायची, ती जारलाथच वाचायचा, आणि फिंटनच्या नावाशी त्याचा आवाज दाटून यायचा. दर डिसेंबरला त्याची गाडी येऊन कॅसीच्या घरामागची तेलाची टाकी भरून जायची. हुतात्म्याच्या आईला थंडी वाजता कामा नये. त्या तेलावर कॅसीचं घर एकोणतीस हिवाळे ऊबदार राहिलं होतं, आणि ते तेल कुठून येतं हे माहीत असून मॅलकी मूग गिळून बसला होता. स्वतःच्या गाडीतही तो जारलाथच्याच पंपावर डिझेल भरायचा. स्वस्त पडायचं. त्या धुतलेल्या डिझेलने बायकोच्या गाडीचा इंधनपंप दोनदा निकामी झाला तरी भरायचा.

कॅसी त्या वेळी अंथरुणालाच होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, हृदय थकलेलं. मॅलकीची बहीण नुआला न्यूरीच्या दवाखान्यात नर्स होती, ती रजा घेऊन आईपाशी येऊन राहिली होती. डॉक्टरांनी काही आशा दाखवली नव्हती, आणि कॅसीनेही मागितली नव्हती. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगायची.

“गाडी नको हं मला. फिंटनला नेला तसं न्यायचं. घरापासून वर चर्चपर्यंत, माणसांच्या खांद्यावर.”

लिसनगोरमध्ये आजही तीच रीत आहे. घरापासून चर्चपर्यंत सव्वा मैल चढ. एका वेळी चौघं खांदा देतात, आणि ठरलेल्या जागी, म्हणजे ओढ्यावरचा पूल, जुनी शाळा, लॉयचं फाटक, अशा ठिकाणी पुढचे चौघं न बोलावता येऊन खांदा बदलतात. कुणी कुणाला खांदा दिला हे इथे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. ज्या घराच्या मयताला माणसं कमी पडली त्या घराबद्दल पन्नास वर्षं बोललं जातं. फिंटनच्या वेळी तीन हजार माणसं होती, खांदा द्यायला रेटारेटी झाली होती. कॅसीला ते आठवलं की तिचा चेहरा उजळायचा. पोरगा गेल्याचं दुःख आणि पोराला एवढ्या माणसांनी उचलल्याचं समाधान, ह्या दोन्हींवर ती इतकी वर्षं जगली होती.

झऱ्यावर कौन्सिलने लोखंडी झाकण बसवून कुलूप घातलं. आईला सांगायचं नाही असं मॅलकी आणि नुआलाने ठरवलं. तो गावातून कॅन भरून पाणी आणायचा आणि झऱ्याचंच म्हणून स्वयंपाकघरात ठेवायचा. पहिल्याच दिवशी कॅसीने चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“हे आपलं पाणी नाही.”

मॅलकी म्हणाला की आपलंच आहे, तुझ्या तोंडाची चव गेलीये. तिने वाद घातला नाही. पण त्या दिवसापासून तिने चहा सोडला, आणि सकाळपासून दहा कप चहा पिणारी बाई ती.

चौथ्या दिवशी जारलाथ भेटायला आला. बरोबर फुलं, आणि बाटलीबंद पाण्याची वीस खोकी. त्याच्या माणसांनी ती खोकी ओसरीत नीट रचून ठेवली. जारलाथ खुर्ची ओढून पलंगाशी बसला, कॅसीचा हात हातात घेतला. मॅलकी खिडकीशी उभा होता. आता ह्याने झऱ्याचं आईपाशी ओकलंच म्हणायचं, असं त्याला वाटलं, आणि तसंच झालं.

“मिसेस हॅनरॅटी, झऱ्याचं कळलं मला. जिवाला फार लागलं,” जारलाथ म्हणाला. “सीमेपलीकडची टोळी आहे कुठलीतरी. माणसं नाहीत ती. तुम्ही काळजी करू नका, आम्ही बघतो त्यांच्याकडे. फिंटनच्या आईच्या पाण्यात विष घालतात म्हणजे काय!”

कॅसी त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, हो का, बस, चहा घे. जारलाथने तिच्या घरात, स्वतःच आणलेल्या पाण्याचा चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, फिंटनच्या फोटोपुढे क्षणभर उभा राहिला आणि गेला. मॅलकीला इतकी शिसारी आली की तो कप धुवायला घेतला तेव्हा त्याला वाटलं, फोडून टाकावा. पण धुऊन फळीवर ठेवला.

“मॅलकी, इकडे ये,” कॅसीने हाक मारली. “दार लाव.”

तो आला.

“तो बोलत होता तेव्हा तू खिडकीतून बाहेर काय बघत होतास?”

“काही नाही गं. असंच.”

“तू लहानपणी साखर चोरायचास ना, तेव्हा असाच बाहेर बघायचास. झऱ्याचं काय झालं? आणि कुणी केलं?”

बावीस वर्षांत ते नाव मॅलकीने बायकोपाशीसुद्धा घेतलं नव्हतं; विल्बर्टपाशी तर नाहीच. मग त्याने नाव घेतलं. टाक्यांवरचा पिवळा रंग सांगितला, ओनीच्या गायी सांगितल्या, आणि एकदा तोंड उघडल्यावर डिसेंबरचं तेल त्याच धंद्यातलं, हेही सांगून टाकलं. कॅसीने डोळे मिटून ऐकलं.

“फिंटनच्या वेळी असं नव्हतं,” तिने विचारलं की सांगितलं, ते कळलं नाही.

मॅलकीला खोटं बोलता आलं असतं. “तेव्हा बँका लुटायचे, आई. पोस्टं लुटायचे. तेही लढ्यासाठीच.”

“ते मला सांगू नकोस. माहितीये मला.” कॅसीने डोळे उघडले. “पोस्टातली रोझलीन माझ्या वर्गात होती. तिच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता घातला. पुढे तिला स्वतःची वेणीसुद्धा घालता येईना. आमचा फिंटन त्यात होता की नव्हता, मी कधी विचारलं नाही. त्या पोस्टात मात्र पुन्हा पाऊल टाकलं नाही. पेन्शन घ्यायला चार मैल लांब जायचे, पाऊस असो, काही असो. तिला काय तोंड दाखवणार होते?”

मॅलकीला हे काही माहीत नव्हतं. आई लांबच्या पोस्टात का जाते, तर तिला तिथे मैत्रिणी भेटतात, असं घरात सगळे समजत होते.

“तेव्हा विचारायला हवं होतं,” ती म्हणाली. “माझ्या पोराला पेटीत घालून आणला तर मी मोजत बसले, माणसं किती आली. आता ऐक. ते तेल बंद कर. आज, आत्ता. आणि जारलाथचा खांदा मला नको. त्याचाही नको, त्याच्या माणसांचाही नको. बोटसुद्धा लावू द्यायचं नाही.”

“आई, त्याला नको म्हटलं तर गाव येणार नाही. कुणी पुढे होणार नाही. तुला गाडीतूनच न्यावं लागेल.”

“गाडी नको.”

“अगं, मग—”

“ते तू बघ. तू माझा मोठा आहेस ना? आजवर तुला काय मागितलं मी?”

मॅलकीने घर गरम ठेवणारा तेलाचा बॉयलर बंद केला तेव्हा नुआला त्याच्यावर तुटून पडली. मार्चमध्ये हृदयाच्या पेशंटला थंडीत ठेवतोस, तुझं डोकं ठिकाणावर आहे का, इतकी वर्षं चाललं ते तेल, आणखी दोन आठवडे चाललं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं! तिचं चुकत होतं असं मॅलकीला म्हणता येईना. त्याने कोपऱ्यातल्या जुन्या चुलाणात दलदलीतून काढून वाळवलेलं पीट पेटवलं, गरम पाण्याच्या पिशव्या आणल्या, घरातली सगळी पांघरुणं आईवर घातली. कॅसी नाकापर्यंत पांघरूण ओढून पडून राहिली आणि म्हणाली की फार बरं वाटतंय. थंडीने तिचे ओठ निळे दिसत होते. नुआलाने पुन्हा बॉयलरकडे हात नेला तेव्हा कॅसीने अंथरुणातून तिला नाव घेऊन हाक मारली, आणि नुआला रडत रडत मागे आली.

नवव्या दिवशी दुपारी, नुआला केस विंचरत असताना, कॅसी गेली.

मग रीतीप्रमाणे दोन दिवस घर सगळ्यांना उघडं. माणसांची रीघ लागली. येणारा पेटीशी उभा राहून हात जोडायचा, कॅसीच्या कपाळाला हात लावायचा, सँडविच खायचा, चहा प्यायचा आणि कॅसीच्या आठवणी सांगायचा. जारलाथची माणसं न सांगताच कामाला लागली होती. चकाकणाऱ्या बंड्या घालून पाणंदीच्या तोंडाशी गाड्या लावून देत होती, खुर्च्या मांडत होती, सरपण फोडत होती. नाही म्हणायला जागाच ठेवत नव्हती. चहाला पाणी कुठलं, तर ओसरीतल्या वीस खोक्यांतलं. ज्याने घाण केली तोच पाणी पाजत होता, आणि अख्खं गाव ते घटाघटा पीत होतं. मॅलकी येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जारलाथने त्याला घराच्या कडेला बोलावलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पहिला खांदा फिंटनच्या तुकडीचा. मी आणि आमचे तिघं. आमच्या सगळ्यांची आईच होती रे ती. दारापासून पुलापर्यंत आम्ही नेऊ, मग गाव आहेच. ठीक?”

मॅलकीने मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. जारलाथने त्याची पाठ थोपटली.

स्वयंपाकघरात त्याची बायको डिम्प्ना पाव कापत होती. तिने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. कॅसीने काय सांगून ठेवलंय हे तिला माहीत होतं.

“तू त्याला हो म्हणालास?”

“मी काहीच म्हणालो नाही.”

“हां,” डिम्प्ना म्हणाली. “म्हणजे हो.” आणि पुन्हा पाव कापू लागली.

शनिवारी सकाळी पेटी बंद केली, अंगणात दोन खुर्च्यांवर आणून ठेवली. फादर गळ्यात पट्टा घालून पुढे उभे राहिले. अंगण भरलं होतं, भिंतीपलीकडे पाणंदही भरली होती. चारशे माणसं सहज असतील. विल्बर्ट काळा कोट घालून एका कडेला उभा होता. कॅथलिकांच्या मयतीला कसं वागायचं ते माहीत नसल्यामुळे बाकीचे करतील ते तो करत होता. जारलाथ आणि त्याचे तिघं पुढे आले, चौघांचे टाय काळे, बूट चकचकीत. जारलाथ वाकला आणि त्याने पेटीच्या पुढच्या कडीत हात घातला.

मॅलकी पेटीच्या डाव्या अंगाला उभा होता. काही बोललं नाही तर अर्ध्या तासात सगळं पार पडेल. आई वर पोचेल, माणसांच्या खांद्यावर, मोठ्या गर्दीत, अगदी तिला हवं होतं तसं. गावात त्याला कुणी काही म्हणणार नाही. उद्या घराच्या काचा शाबूत असतील, सोमवारी नोकरीवर जाता येईल. त्याने एवढा सगळा विचार केला, आणि मग त्याचं लक्ष जारलाथच्या कडीतल्या हाताकडे गेलं.

“जारलाथ, हात काढ.”

जारलाथने वर पाहिलं. त्याला नीट ऐकू आलं नसावं.

“हात काढ तिथून. आईला तुझा खांदा नको होता. तिने तुझं नाव घेऊन सांगितलंय.”

जारलाथ मऊ आवाजात म्हणाला, “मॅलकी, दुःखात माणसाला सुचत नाही. तू मागे हो, आम्ही करतो सगळं.”

“झऱ्यात तू टाकलंस. ते तिला कळलं होतं,” मॅलकी म्हणाला. त्याचा आवाज फाटला, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. “तिने आठ दिवस चहा घेतला नाही. तुझं तेल बंद करून थंडीत मेली ती. आता तिला तू उचलायचं नाहीस.”

फादर पुस्तकात बघू लागले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या. जारलाथने सावकाश हात काढला, सरळ उभा राहिला, कोट नीट केला.

“बरं,” तो म्हणाला. “तुझी आई. बघू कोण नेतंय ते.”

तो निघून गेला असता तर बरं झालं असतं. तो गेला नाही. अंगणाच्या फाटकाशी जाऊन खिशात हात घालून उभा राहिला आणि एकेका माणसाकडे बघू लागला, शांतपणे, वेळ घेऊन. ज्याच्याकडे तो बघायचा तो जमिनीकडे बघायचा. चारशे माणसं, सगळी कॅसीला ओळखणारी, आणि प्रत्येकाच्या घरात तिने कधी ना कधी कुणाच्या तरी आजारपणात, बाळंतपणात हात लावलेला. एकही जण हलेना. मॅलकीला त्यांचा तिटकारा आला, आणि आपण बावीस वर्षं त्यांच्यातच उभे होतो ह्याचा त्याहून जास्त.

त्याने पेटीच्या पुढच्या डाव्या कडीत हात घातला. नुआला मागे गेली आणि तिने मागची कडी धरली. डिम्प्नाने एप्रन सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि नुआलाच्या शेजारी उभी राहिली. बायकांनी खांदा द्यायची इथे रीत नाही, पण ते बोलायचंही कुणाला धाडस झालं नाही. चौथी जागा रिकामी होती.

“मला जमेल का?” विल्बर्टने विचारलं. “म्हणजे, आमच्यापैकी चालतो का?”

“वाक,” मॅलकी म्हणाला.

विल्बर्ट त्याच्यापेक्षा वीतभर उंच होता, म्हणून तो गुडघे वाकवून चालू लागला. चौघांनी पेटी उचलली आणि फाटकातून बाहेर काढली, जारलाथच्या अगदी पुढून. लोक बाजूला झाले. मग पाठोपाठ चालू लागले, जपमाळ म्हणत, सगळेच्या सगळे. परत कुणी फिरलं नाही. मयतीला यायला ते भीत नव्हते. भीत होते ते पुढे व्हायला.

पुलाशी खांदा बदलायचा असतो. मॅलकीने चाल मंद केली. मागून जपमाळेचा आवाज तेवढा आला. पुलावर कुणी पुढे झालं नाही, तेव्हा तो पुढे निघाला. जुन्या शाळेपाशी नुआलाचा श्वास लागल्याचं त्याला ऐकू येत होतं. डिम्प्नाचा एक बूट चिखलात रुतून राहिला होता, ती मोज्यावरच चालत होती. विल्बर्टचे वाकवलेले गुडघे थरथरत होते आणि तो दातओठ खाऊन शिव्या देत होता, पण शेजारून जाणाऱ्या फादरना त्या ऐकू आल्याचं दिसलं नाही. मॅलकीच्या खांद्याचं कातडं सोलवटलं होतं. आई इतकी वाळली होती, तरी भार वाढतच चालला होता. शाळेपाशीही कुणी आलं नाही.

लॉयच्या फाटकाशी खरा चढ सुरू होतो. तिथे ओनी लॉय उभा होता. तो घरापाशी आला नव्हता, इथेच थांबला होता, काठी टेकून, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. मॅलकीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. बघण्यासारखं काही उरलं नाही असं त्याला वाटत होतं.

ओनीने काठी फाटकाला टेकवून ठेवली. टोपी खिशात कोंबली. मग तो रस्त्यावर आला, डिम्प्ना आणि नुआलाच्या मधे घुसला आणि पेटीखाली त्याने आपला म्हातारा खांदा लावला. तो बुटका होता, त्याचा खांदा पेटीला जेमतेम टेकला. काठी नसल्यामुळे त्याला तोल सावरायला पेटीचाच आधार घ्यावा लागत होता, त्याने दोन्ही हातांनी ती घट्ट धरली. भार कमी झाला नाहीच, उलट पेटी मागे ओढल्यासारखी झाली, आणि विल्बर्टला आणखी वाकावं लागलं. ओनीला बाजूला हो म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही.

“डाव्या पायाने, ओनी,” मॅलकी मागे न वळता म्हणाला.

“ठाऊक आहे रे मला,” ओनी म्हणाला, आणि ते चढाला लागले.